प्रकल्प नोंदी : २^६७ − १ या संयुक्त संख्येचा अभ्यास

दि. ४ जानेवारी २०२५

या प्रकल्पात एकाच संख्येचा अभ्यास करायचा आहे. २ चा ६७वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही २१ अंकी संख्या मिळते. यापुढे तिला ‘म’ म्हणेन आणि घातांक दाखवण्यासाठी ^ हे चिन्ह वापरेन. द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने मांडलेले ६७ एक, बाकी काही नाही.

आजच्या मापाने २१ अंक फार नाहीत, कारण कूटलेखनात शेकडो अंकी संख्या रोज हाताळल्या जातात. तरीही हीच संख्या घेतली ती तिच्या इतिहासामुळे. मारँ मर्सेन यांनी १६४४ साली २^न − १ या रूपाच्या मूळ संख्यांची यादी देताना २५७ पर्यंतचे २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हे घातांक दिले होते. त्यात ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. २^६१ − १ मूळ असल्याचे १८८३ साली सिद्ध झाल्यावर, मर्सेन यांना ६१च लिहायचे असावे आणि ६७ हा लेखनदोष असावा, असाही तर्क काहींनी केला. २^६७ − १ ही संख्या मूळ नाही हे एदुआर ल्यूका यांनी १८७६ साली दाखवले, पण तिचे अवयव मात्र फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ साली मांडले. म्हणजे तब्बल २७ वर्षे ही संख्या फुटते एवढे माहीत होते, पण कोठे फुटते हे कोणालाच माहीत नव्हते. त्या २७ वर्षांतले ज्ञान नेमके कोणत्या जातीचे होते, हे मला स्वतः आकडेमोड करून समजून घ्यायचे आहे. अवयव आज सहज वाचायला मिळतात, तरी स्वतःच्या पद्धतीने हाती येईपर्यंत ते वापरायचे नाहीत असा नियम मी घालून घेतला आहे.

दि. ५ जानेवारी २०२५

पहिल्याच दिवशी ठेच लागली. सवयीने संख्या स्प्रेडशीटमध्ये काढली, तर तिचे शेवटचे सहा अंक शून्य दिसू लागले, कारण तेथे १५ सार्थ अंकांपलीकडचे काही टिकत नाही. साध्या दशांश-चल (फ्लोटिंग पॉइंट) आकडेमोडीतही हेच होते. तिच्यात ५३ द्विमान अंकांची अचूकता असते आणि आपल्याला ६७ लागतात, त्यामुळे २^६७ आणि २^६७ − १ यांतला फरकच पुसला जातो. आपला सगळा अभ्यास त्या एका वजा एकवर उभा आहे. म्हणून यापुढचे सगळे काम पायथन या संगणकभाषेच्या पूर्णांकांत करायचे आणि भागाकाराचे साधे चिन्ह चुकूनही वापरायचे नाही, असे ठरवले.

दि. ११ जानेवारी २०२५

आज संयुक्तता तपासायला घेतली. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार न ही मूळ संख्या असेल, तर तिने भाग न जाणाऱ्या कोणत्याही पायाचा (न − १)वा घात घेऊन न ने भागले असता बाकी १ उरते. बाकी १ आली नाही तर संख्या नक्कीच संयुक्त. मी सर्वांत सोपा म्हणून २ हा पाया घेतला आणि बाकी १ आली. घातांक निम्मा करून, म्हणजे (म − १)/२ घेऊन, अधिक कडक चाचणी लावली, तरी १च आली. प्रोग्राममध्ये चूक असावी असे समजून एक तास तीच ओळ तपासत बसलो, पण ओळ बरोबर होती.

दि. १२ जानेवारी २०२५

कालच्या निकालाचे कारण कागदावर मांडल्यावर दोन ओळींत सापडले. म = २^६७ − १ असल्यामुळे २^६७ ला म ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणजे २ चे घात या संख्येच्या सापेक्ष दर ६७ पायऱ्यांनी पुन्हा १ वर येतात. आता म − १ = २ × (२^६६ − १), आणि ६७ ही स्वतः मूळ संख्या असल्याने त्याच छोट्या प्रमेयानुसार ६७ ने २^६६ − १ ला पूर्ण भाग जातो. म्हणून म − १ हा घातांक ६७ च्या पटीत आहे, त्याचा निम्मा भागही ६७ च्या पटीत आहे, आणि दोन्ही ठिकाणी बाकी १ येणारच. म मूळ असो वा नसो, २ या पायाने ती नेहमीच मूळ भासेल. जी संख्या २ पासूनच घडली आहे, तिच्याविरुद्ध २ ला साक्षीला बोलावण्यात अर्थ नव्हता.

पाया ३ घेताच बाकी १ पेक्षा वेगळी आली. म संयुक्त आहे. या निकालात अवयवांचा मागमूसही नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

दि. १८ जानेवारी २०२५

आज ल्यूका यांच्या वाटेने जाऊन पाहिले. त्यांच्या मूळ कसोटीला डेरिक लेहमर यांनी पुढे जे नेटके रूप दिले, तेच मी वापरले. ४ पासून सुरुवात करायची, दर पायरीला आधीच्या संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करायचे आणि म ने भागून बाकी ठेवायची. ६७ या घातांकासाठी अशा ६५ पायऱ्या होतात. शेवटी शून्य उरले तर म मूळ, एरवी संयुक्त.

पहिल्या काही पायऱ्यांत भागाकाराची गरजच पडत नाही. ४, १४, १९४, ३७,६३४, १,४१,६३,१७,९५४ आणि त्यानंतर २०,०५,९५,६५,४६,८२,२७,४६,११४ ही १९ अंकी संख्या येते, तीही म पेक्षा लहानच आहे. सहाव्या वर्गापासून मात्र दर वेळी भागावे लागते. येथे म चे रूप उपयोगी पडते, कारण २^६७ ची बाकी १ असल्यामुळे मोठ्या संख्येचे द्विमान रूप उजवीकडून ६७ अंकांवर तोडायचे आणि दोन तुकड्यांची बेरीज करायची, की झाला भागाकार. ल्यूका यांच्या काळी हे सगळे हाताने करायचे होते. २१ अंकी संख्येचा वर्ग, मग घडी घालून बेरीज, आणि असे साठएक वेळा. ही पद्धत समोर बसून दोनदा करून पाहिल्यावर त्या माणसाबद्दलचा आदर वाढतो.

६५व्या पायरीला शून्य उरले नाही.

दि. १९ जानेवारी २०२५

कालच्या निकालावर रात्री शंका आली. शून्य आले असते तर ते योगायोगाने येणे जवळजवळ अशक्य, म्हणून त्यावर विश्वास बसला असता. पण शून्याखेरीज काहीही येण्यासाठी कोठेतरी एक अंक चुकला तरी पुरे. म्हणजे संयुक्ततेचा हा दाखला देणाऱ्याच्या अचूकतेवर टेकलेला आहे, आणि वाचणाऱ्याला तो तपासायचा तर सगळी आकडेमोड पुन्हा करावी लागते. अवयवांचे तसे नसते. अवयव मिळाले की एका गुणाकारात वाद मिटतो.

खात्रीसाठी तोच प्रोग्राम ६१ या घातांकावर चालवला, तेथे अपेक्षेप्रमाणे शून्य आले. मग ११ हा घातांक घेतला. २^११ − १ = २,०४७ = २३ × ८९ हे उघडच आहे. हाताने केलेल्या नऊ पायऱ्या अशा निघाल्या : ४ नंतर १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १,८७७, २४०, २८२ आणि शेवटी १,७३६. प्रोग्रामनेही १,७३६च दिले. या १,७३६ मध्ये २३ किंवा ८९ शोधू गेलो तर काहीच दिसत नाही. येथे उत्तर आधीच माहीत असूनही दिसत नाही, मग ६७ च्या बाबतीत काय दिसणार?

दि. २५ जानेवारी २०२५

अवयव शोधायला सुरुवात केली. म चे वर्गमूळ सुमारे १२,१४,८०,०२,००० आहे. तेवढ्यापर्यंतची प्रत्येक विषम संख्या लावून पाहायची तर सहाशे कोटींहून अधिक भागाकार होतात. म्हणून आधी कोणत्या संख्या अवयव असूच शकत नाहीत हे ठरवले.

समजा र हा म चा मूळ अवयव आहे. मग २^६७ ला र ने भागल्यास बाकी १ उरते. ६७ मूळ असल्याने र च्या सापेक्ष २ च्या घातांचे आवर्तन १ किंवा ६७ लांबीचेच असू शकते. ते १ लांबीचे नाही, म्हणून ६७च. आणि हे आवर्तन र − १ ला निःशेष भागते, असे छोटे प्रमेय सांगते. र विषम असल्याने र − १ सम आहे. म्हणून र ही संख्या १३४ × क + १ याच रूपाची असली पाहिजे. एका फटक्यात १३४ पैकी १३३ संख्या बाद झाल्या.

दुसरे बंधनही तितकेच सोपे आहे. २^६८ ची बाकी २ उरते, आणि २^६८ हा २^३४ चा वर्ग आहे. म्हणजे र च्या सापेक्ष २ ही वर्गसंख्या ठरते. हे घडायचे तर र ला ८ ने भागून १ किंवा ७ उरलेच पाहिजेत, हा द्विघाती अवशेषांचा, म्हणजे वर्गसंख्यांच्या बाक्यांचा, जुना नियम आहे. १३४ क + १ ला ८ ने भागून पाहिले तर ही अट क ला ४ ने भागल्यावर ० किंवा १ उरतो तेव्हाच पाळली जाते. उरलेल्यांतले निम्मे गेले.

दि. २६ जानेवारी २०२५

चाळणी पूर्ण केली. आपण लहानात लहान अवयव शोधत असल्यामुळे ३, ५, ७ आणि ११ यांनी भाग जाणारे उमेदवार तपासण्याचे कारण नाही. क ला ३ ने भागून १, ५ ने भागून १, ७ ने भागून ६ किंवा ११ ने भागून ५ उरत असेल तर तो क सोडून द्यायचा. ४ × ३ × ५ × ७ × ११ = ४,६२० एवढ्या लांबीने ही रचना पुन्हा पुन्हा येते, आणि प्रत्येक ४,६२० मागे फक्त ९६० क शिल्लक राहतात.

उरलेल्या प्रत्येक उमेदवारासाठी म ला भागण्याचीही गरज नाही, कारण त्या उमेदवाराच्या सापेक्ष २^६७ ची बाकी काढली की पुरते. ६७ चे द्विमान रूप १००००११ असल्याने घातांक १, २, ४, ८, १६, ३३, ६७ असा चढतो, म्हणजे सहा वर्ग आणि दोनदा दुप्पट. प्रोग्राम क = १ पासून सोडला. सुमारे तीन लाख उमेदवार तपासून झाल्यावर, सेकंदभरात, तो क = १४,४५,५८० वर थांबला :

१३४ × १४,४५,५८० + १ = १९,३७,०७,७२१

म ला या संख्येने भागले तेव्हा बाकी शून्य उरली आणि भागाकार ७,६१,८३,८२,५७,२८७ आला. लहान अवयवाला ‘अ’ आणि मोठ्याला ‘ब’ म्हणेन. ब साठी क = ५,६८,५३,६०,१२९ येतो, त्याला ४ ने भागून १ उरतो. अ ला ८ ने भागून १ उरतो आणि ब ला ७. सगळे कालच्या बंधनांशी जुळते.

दि. १ फेब्रुवारी २०२५

अ हा म चा अवयव आहे हे संगणकाशिवाय, म ही २१ अंकी संख्या एकदाही न लिहिता, तपासता येते का ते पाहिले. येते, आणि तेही अर्ध्या पानात.

२^३३ = ८,५८,९९,३४,५९२. यातून अ ची ४४ पट वजा केली की ६,६७,९४,८६८ उरतात. या संख्येचा वर्ग केला की २^६६ ची बाकी मिळवण्याइतपत जवळ येतो. वर्ग ६,६८,००,००० − ५,१३२ असा फोडून केला, तर तो ४४,६१,५५,४३,९१,३७,४२४ आला. त्याला अ ने भागले :

४४,६१,५५,४३,९१,३७,४२४ = १९,३७,०७,७२१ × २,३०,३२,४०३ + ९,६८,५३,८६१

२^६६ ची बाकी ९,६८,५३,८६१ आहे. तिची दुप्पट १९,३७,०७,७२२, म्हणजे अ पेक्षा बरोबर एकने जास्त. म्हणून २^६७ ची बाकी १, आणि अ ने म ला पूर्ण भाग जातो. शेवटची दुप्पट मांडताना तो एकचा फरक उमटला तेव्हा झालेला आनंद प्रोग्राम थांबला तेव्हा झाला नव्हता.

दि. २ फेब्रुवारी २०२५

कोल यांनी ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत हा निकाल मांडला. एकही शब्द न बोलता त्यांनी फळ्याच्या एका बाजूला २^६७ − १ चे मूल्य काढले, दुसऱ्या बाजूला दोन अवयवांचा गुणाकार केला, दोन्ही उत्तरे जुळली आणि सभागृहात टाळ्या पडल्या, असे सांगितले जाते. हे अवयव शोधायला किती वेळ लागला या प्रश्नावर ‘तीन वर्षांतले रविवार’ असे उत्तर त्यांनी दिल्याची गोष्टही प्रसिद्ध आहे. तपशिलात आख्यायिकेची भर पडली असेल, पण गुणाकार मात्र कोणालाही करून पाहता येतो. मी तो तीन-तीन अंकांचे गट पाडून केला. अ चे गट १९३, ७०७, ७२१ आणि ब चे ७६१, ८३८, २५७, २८७ असे होतात. उजवीकडून चालायचे, दर पायरीला शेवटचे तीन अंक लिहायचे आणि उरलेले हातचे धरायचे.

७२१ × २८७ = २,०६,९२७ : लिहिले ९२७, हातचे २०६.
७२१ × २५७ + ७०७ × २८७ + २०६ = ३,८८,४१२ : लिहिले ४१२, हातचे ३८८.
७२१ × ८३८ + ७०७ × २५७ + १९३ × २८७ + ३८८ = ८,४१,६७६ : लिहिले ६७६, हातचे ८४१.
७२१ × ७६१ + ७०७ × ८३८ + १९३ × २५७ + ८४१ = ११,९१,५८९ : लिहिले ५८९, हातचे १,१९१.
७०७ × ७६१ + १९३ × ८३८ + १,१९१ = ७,००,९५२ : लिहिले ९५२, हातचे ७००.
१९३ × ७६१ + ७०० = १,४७,५७३.

डावीकडून वाचले की १४७ ५७३ ९५२ ५८९ ६७६ ४१२ ९२७, म्हणजे म. अंकांच्या बेरजेचा ताळाही पाहिला : अ च्या अंकांची बेरीज ३७, ब ची ६४, म ची १०९, आणि तिन्हींना ९ ने भागून १ उरतो. ११ च्या कसोटीत अ ची बाकी ९, ब ची ८, गुणाकाराची ६ आणि म चीही ६ येते.

१९ जानेवारीच्या नोंदीत ज्या फरकाबद्दल लिहिले होते, तो या सहा ओळींत समोर ठेवता येतो. ल्यूका यांचा निकाल तपासायला ल्यूका यांच्याइतकेच कष्ट पडतात. कोल यांचा निकाल तपासायला सहा ओळी पुरतात.

दि. ८ फेब्रुवारी २०२५

अ आणि ब स्वतः मूळ आहेत का? यासाठी वेगळी सिद्धता लागेल असे धरून दोन दिवस राखून ठेवले होते, पण ती लागलीच नाही. शोध क = १ पासून एकही शक्य उमेदवार न सोडता चालवला होता, म्हणून सापडलेला पहिला विभाजक लहानात लहान आहे, आणि १ सोडून लहानात लहान विभाजक नेहमी मूळच असतो. ब संयुक्त असता तर त्याचा एखादा मूळ अवयव त्याच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ८,७२,८३३ पर्यंत, मिळाला असता. तो म चाही अवयव ठरला असता, आणि अ पेक्षा कितीतरी लहान असल्याने आधीच सापडला असता. तसे झाले नाही, म्हणून ब मूळ आहे.

अ साठी स्वतंत्र पडताळाही हाताने करून पाहिला. त्याचे वर्गमूळ १३,९१८ च्या किंचित आत आहे, म्हणजे क १०३ पर्यंतच जातो, आणि चाळणीतून फक्त २० उमेदवार उरतात. १,०७३, १,२०७, १,६०९ पासून १२,३२९ पर्यंत सगळे लावले. १,६०९ ने भागून २११ उरतात. बाकीच्या कोणानेही भाग गेला नाही.

दि. ९ फेब्रुवारी २०२५

फर्मा यांची वर्गांच्या वजाबाकीची रीत येथे किती चालली असती ते पाहिले. म = स^२ − त^२ असे लिहायचे आणि स ला वर्गमुळापासून एकेक पाऊल वर न्यायचे. खरा स म्हणजे (अ + ब)/२ = ३,८१,०१,५९,८२,५०४. तेथपर्यंत सुमारे ३६,८८७ कोटी पावले पडतात. एक अवयव दुसऱ्याच्या जवळपास चार हजार पट असताना ही रीत वापरणे व्यर्थ आहे.

तरी एक सुधारणा पाहण्यासारखी आहे. अ + ब = २^६७ − (अ − १)(ब − १). दोन्ही कंसांना ६७ ने भाग जातो. शिवाय म ला ८ ने भागून ७ उरतात, म्हणून अवयवांपैकी एकाची बाकी १ आणि दुसऱ्याची ७ असलीच पाहिजे, त्यामुळे कंसांच्या गुणाकाराला १६ नेही भाग जातो. म्हणजे अवयव माहीत नसतानाही त्यांची बेरीज १६ × ६७ × ६७ = ७१,८२४ च्या सापेक्ष ठरलेली आहे. स एकदम ३५,९१२ च्या उड्या मारू शकतो आणि पावले सुमारे १ कोटी ३ लाखांवर येतात. २६ जानेवारीच्या तीन लाखांपुढे हेही जास्तच, पण हजारो कोटींच्या घरातले काम एका ओळीच्या विचाराने कोटीवर आले. कोल यांनीही द्विघाती अवशेषांच्या आधारे शक्यता छाटत छाटतच अवयव गाठले होते. त्या छाटणीची ताकद आज प्रत्यक्ष पाहिली.

दि. १५ फेब्रुवारी २०२५

जॉन पोलार्ड यांची १९७४ सालची र − १ पद्धत लावली. तिचा गाभा असा : १ पासून एका मर्यादेपर्यंतच्या सर्व संख्यांचा लसावि ल घ्यायचा, एखाद्या पायाचा ल वा घात काढून त्यातून १ वजा करायचा, आणि आलेल्या संख्येचा म शी मसावि काढायचा. एखाद्या मूळ अवयवाचा र − १ जर ल ला निःशेष भागत असेल, तर तो अवयव मसाविमध्ये येतोच.

येथे तीच चूक पुन्हा झाली. हात आपोआप २ या पायाकडे गेला आणि मसावि म्हणून अख्खी म परत आली. मर्यादा बदलून पाहिल्या तरी तेच. ल मध्ये ६७ आला की २^ल ची बाकी १ होणारच, आणि अ आणि ब दोन्ही एकदमच जाळ्यात येणार. जानेवारीत हेच कारण लिहून ठेवले असूनही ते वेळेवर आठवले नाही.

पाया ३ आणि मर्यादा ३,००० घेतल्यावर मसावि १९,३७,०७,७२१ आला. का आला ते आता फोड करून पाहता येते :

अ − १ = २^३ × ३^३ × ५ × ६७ × २,६७७
ब − १ = २ × ३^२ × २९ × ६७ × २,५५१ × ८,५३९

अ − १ चा सर्वांत मोठा मूळ अवयव २,६७७ आहे, ब − १ चा ८,५३९. मर्यादा या दोहोंच्या मध्ये असली की अ पकडला जातो आणि ब निसटतो, म्हणून दोघे वेगळे होतात. मर्यादा १०,००० केली तर पाया ३ घेऊनही पुन्हा पूर्ण म हातात येते, तेही करून पाहिले. नऊ अंकी मूळ संख्येच्या एक मागच्या संख्येची इतकी बारीक फोड व्हावी, हे या पद्धतीच्या दृष्टीने सुदैवच आहे.

दि. १६ फेब्रुवारी २०२५

अवयव मिळाल्यावर जे मोजता येते ते मोजले. म पेक्षा लहान आणि म शी सहमूळ असणाऱ्या संख्यांची संख्या, म्हणजे ऑयलरचे फाय फल, (अ − १)(ब − १) = १४,७५,७३,९५,१८,२७,६४,४४,४७,९२० येते. हे मूल्य माहीत असणे आणि अवयव माहीत असणे एकच आहे, कारण म मधून ते वजा केले की अ + ब − १ मिळते, आणि बेरीज व गुणाकार कळला की दोन संख्या वर्गसमीकरणाने बाहेर येतात.

मग जानेवारीतल्या प्रश्नाकडे परतलो. २ हा पाया फर्माच्या चाचणीला फसवतो. तसे फसवे पाये एकूण किती? अ च्या सापेक्ष ज्यांचा (म − १)वा घात १ देतो अशा संख्या मसावि(म − १, अ − १) इतक्या असतात, ब च्या सापेक्ष मसावि(म − १, ब − १) इतक्या, आणि चिनी शेषप्रमेयाने दोहोंचा गुणाकार करायचा. यासाठी म − १ ची फोड लागते. ती २^३३ − १ आणि २^३३ + १ यांच्या फोडीतून अशी मिळाली :

म − १ = २ × ३^२ × ७ × २३ × ६७ × ८९ × ६८३ × २०,८५७ × ५,९९,४७९

पहिला मसावि २ × ९ × ६७ = १,२०६ आला. दुसराही १,२०६. म्हणून फसवे पाये १,२०६ × १,२०६ = १४,५४,४३६. २ चे ६७ घात आणि त्यांची ऋण रूपे धरून १३४ तर उघडच दिसतात. कडक चाचणीला फसवणारे याच्या बरोबर निम्मे, म्हणजे ७,२७,२१८. म च्या आकारापुढे हे नगण्य आहेत, आणि तरीही मी पहिल्याच प्रयत्नात नेमका त्यांतला एक उचलला होता.

दोन्ही मसावि सारखेच यावेत याचे मात्र नवल वाटले. त्यातही अ − १ आणि ब − १ यांचा आपसातला मसावि काढला, तर तोही १,२०६च आला.

दि. १७ फेब्रुवारी २०२५

कालचे नवल योगायोगाचे नव्हते. म − १ = अब − १ = (अ − १)ब + (ब − १). पहिल्या पदाला अ − १ ने भाग जातो, म्हणून अ − १ आणि म − १ यांचा मसावि हा अ − १ आणि ब − १ यांच्या मसाविइतकाच असतो, आणि ब च्या बाजूनेही तेच. दोन मूळ अवयवांच्या कोणत्याही गुणाकाराला हे लागू आहे. त्यासाठी म − १ च्या नऊ अवयवांची फोड करायची गरजच नव्हती.

याच १,२०६ चा आणखी एक उपयोग झाला. म शी सहमूळ असणाऱ्या प्रत्येक पायाला ज्या लहानात लहान घातांकाने १ वर आणता येते, तो अ − १ आणि ब − १ यांचा लसावि, म्हणजे फाय फल भागिले १,२०६ = १,२२,३६,६४,६०,८८,५२,७७,३२०. २ ला मात्र ६७ पायऱ्याच पुरतात. या १८ अंकी आकड्याशेजारी तो ६७ लिहून पाहिला, तेव्हा २ हा पाया या संख्येत किती वेगळा आहे ते पुरते लक्षात आले.

दि. २३ फेब्रुवारी २०२५

शेवटचा मुद्दा परिपूर्ण संख्यांचा. मर्सेन यांच्या यादीला महत्त्व आले ते मुळात त्यामुळेच, कारण २^न − १ मूळ असेल तर २^(न−१) × (२^न − १) ही संख्या स्वतःखेरीज आपल्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असते. ६७ खरोखर यादीत बसला असता तर २^६६ × म परिपूर्ण ठरली असती. ती परिपूर्णतेपासून किती दूर आहे?

म चे विभाजक चारच : १, अ, ब आणि म. त्यांची बेरीज म + १ + (अ + ब). २^६६ च्या विभाजकांची बेरीज २^६७ − १, म्हणजे म. म्हणून २^६६ × म च्या सर्व विभाजकांची बेरीज म × (म + १ + अ + ब) होते. परिपूर्ण असण्यासाठी ती संख्येच्या दुपटीइतकी, म्हणजे म × (म + १) इतकी हवी होती. फरक नेमका म × (अ + ब), आणि अ + ब = ७,६२,०३,१९,६५,००८. म्हणजे संख्या परिपूर्ण नसून अधिक आहे, आणि म × (म + १) च्या तुलनेत हा आधिक्याचा वाटा दर अब्जामागे पाचाच्या किंचित वर आहे.

सूत्राची खात्री ११ या घातांकावर करून घेतली. १,०२४ × २,०४७ च्या विभाजकांची बेरीज २,०४७ × २४ × ९० = ४४,२१,५२०, संख्येची दुप्पट ४१,९२,२५६, फरक २,२९,२६४. सूत्रानुसार २,०४७ × (२३ + ८९) = २,०४७ × ११२ = २,२९,२६४. जुळले.